पैसा घरी पोचतो, माणूस कधी?

मनिलाच्या दक्षिणेला, बातांगास प्रांतात, समुद्रात शिरलेल्या एका भूशिरावर माबिनी नावाचे गाव आहे. पाण्याखाली पोहण्याची हौस असलेले पर्यटक ते अनिलाओच्या किनाऱ्यासाठी ओळखतात. फिलिपिन्समध्ये मात्र त्याची ओळख वेगळी आहे. गावातल्या पुलोंग आनाहाव या भागाला लोक ‘लिटल इटली’ म्हणतात. डोंगरउतारावर कमानी, सज्जे आणि नक्षीदार कठड्यांचे बंगले उभे आहेत. ते बांधणारी माणसे इटलीत दुसऱ्यांची घरे झाडतात, तिथल्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करतात, तिथली मुले सांभाळतात. स्वतःच्या बंगल्यात ती वर्षा-दोन वर्षांतून काही आठवडे राहतात. एरवी तिथे आजी-आजोबा असतात, नाहीतर राखणदार, नाहीतर नुसते कुलूप.

पैसा भिंतीत घातला, अशी टीका या बंगल्यांवर नेहमी होते. टीका करणाऱ्याने एवढाच विचार करावा, की हाच पैसा आईच्या खात्यात रोख पडून राहिला असता तर किती दिवस टिकला असता? चुलतभावाचे ऑपरेशन, भाचीची फी, गावजत्रेचा खर्च, शेजारच्या घरातली मयत. प्रत्येक मागणी खरी असते आणि प्रत्येक नकार वर्षानुवर्षे लक्षात ठेवला जातो. विटा कुणी उसन्या मागत नाही. म्हणून रोममध्ये राबणारी बाई विटा घेते. पैसा आप्तांपासून आणि स्वतःपासूनही सांभाळण्याचा तिला ठाऊक असलेला हा एकमेव खात्रीचा मार्ग आहे.

घराचा स्लॅब कधी पडणार, फरशी कधी बसणार, हे तिला पाठ असते. त्या घरात ती राहायला कधी येणार, हे मात्र कुणीच ठरवलेले नसते. फिलिपिनो कुटुंबांच्या हिशेबातली सगळ्यात मोठी रिकामी जागा हीच आहे. बचत, विमा, गुंतवणूक हे सगळे महत्त्वाचे आहेच. पण परतीचे वर्ष न ठरवता केलेले नियोजन म्हणजे मुक्काम न ठरवता काढलेले तिकीट. आणि ते वर्ष एकट्या कमावणारीने ठरवून भागत नाही. पैसे पाठवणारा आणि ते खर्च करणारा, दोघांनी मिळून ते ठरवावे लागते.

ही काही दोन-चार गावांची गोष्ट नव्हे. फिलिपिन्सच्या सरकारी पाहणीनुसार २०२३ मध्ये परदेशात काम करणाऱ्या फिलिपिनोंची संख्या २१ लाख ६० हजार होती आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. परदेशी स्थायिक झालेले लाखो लोक या आकड्यात नाहीत. या सगळ्यांनी मिळून २०२४ मध्ये बँकांमार्फत सुमारे ३४.५ अब्ज डॉलर घरी पाठवले. देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या जवळजवळ बाराव्या हिश्शाएवढा पैसा असा बाहेरून येतो. फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीत, १९७४ च्या कामगार संहितेने या वाटेला सरकारी रूप दिले. देशात रोजगार नव्हता आणि डॉलरची टंचाई होती. माणसे बाहेर धाडण्याची तेव्हाची तात्पुरती सोय पन्नास वर्षे चालू आहे. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन अक्विनो यांनी हाँगकाँगमधल्या घरकामगार स्त्रियांना ‘बागोंग बायानी’, म्हणजे नव्या वीरांगना, म्हटले. तो शब्द रूढ झाला, विमानतळावरच्या फलकांवर आला. वीरांनी घरी परत यायचे कधी, याची तजवीज त्या शब्दात नव्हती.

कोकणातल्या घरांना हे चित्र नवखे वाटू नये. मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरवर चूल पेटायची, तेव्हा चाकरमान्याची वाट गणपती-शिमग्याला पाहिली जायची. फिलिपिन्समध्ये ती नाताळला पाहिली जाते. माणूस आला नाही तर ‘बालिकबायन बॉक्स’ येतो: साबण, चॉकलेटे, डबाबंद मांस, बूट आणि टॉवेल ठासून भरलेले, बोटीने येणारे मोठे खोके. ते भरायला महिनोन्‌महिने लागतात. त्यातली प्रत्येक वस्तू कुणासाठी, हे पाठवणारीला तोंडपाठ असते.

आता आर्थिक साक्षरतेकडे वळू. २०१४ मध्ये एका जागतिक पाहणीत व्याज, चक्रवाढ, महागाई आणि जोखमीची विभागणी या चार विषयांवर साधे प्रश्न विचारले होते. चारपैकी तीन विषय ज्याला कळले तो साक्षर, अशी कसोटी होती. फिलिपिन्समधले २५ टक्के प्रौढ त्या कसोटीला उतरले. भारताचा आकडा २४ होता, तेव्हा इकडून तिकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. त्यानंतर तिथे बरेच काही झाले. २०१६ च्या एका कायद्याने नोव्हेंबरचा दुसरा आठवडा आर्थिक साक्षरतेसाठी राखून ठेवला. २०२१ मध्ये शिक्षण खात्याने शाळांसाठी आर्थिक शिक्षणाचे धोरण आणले. प्रौढांपैकी खाते असणाऱ्यांचे प्रमाण २०१९ मध्ये २९ टक्के होते. महासाथीच्या काळात मोबाइल पाकिटे घरोघरी पोचली आणि २०२१ मध्ये ते ५६ टक्क्यांवर गेले.

पण या मोहिमांचा सूर पुष्कळदा उपदेशाचा असतो. कॉफी सोडा, वही ठेवा, आधी बचत करा आणि उरेल ते खर्चा. जणू गरीब माणसाला काटकसर कुणी शिकवलीच नाही! आपण ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ म्हणतो. टागालोग भाषेत त्याचीच सख्खी बहीण असलेली म्हण आहे. पांघरूण तोकडे असेल तर अंग मुडपून झोपायला शीक, असा तिचा अर्थ. ही म्हण घराघरांत म्हणणाऱ्या लोकांना काटकसर ठाऊक नाही, असे मानणे हा त्यांचा अपमान आहे.

कोपऱ्यावरच्या सारी-सारी दुकानासमोर अर्धा तास उभे राहिले तरी हे कळते. घराच्याच खिडकीला जाळी लावून थाटलेले हे छोटे किराणा दुकान. तिथे शाम्पूची एक पुडी मिळते, एक सिगारेट मिळते, तेल लहानशा पिशवीत बांधून मिळते. सुट्या विक्रीच्या या पद्धतीला ‘तिंगी’ म्हणतात. वर्षाचा हिशेब केला तर ही खरेदी महाग पडते, हे गिऱ्हाइकालाही माहीत असते. पण हातात आज चाळीस पेसो असतील तर पाचशेची बाटली स्वस्त आहे, हे ज्ञान काय कामाचे? पगार बहुधा पंधरा आणि तीस तारखेला होतो. त्याआधीच्या तीन-चार दिवसांना तिथे स्पॅनिशमधून आलेले नाव आहे, ‘पेत्सा दे पेलिग्रो’, धोक्याच्या तारखा. त्या दिवसांत दुकानदारिणीच्या उधारीच्या वहीवर गल्लीतली निम्मी घरे जेवतात.

वही पुरली नाही की मोटारसायकल येते. इथे मराठी वाचकाने थोडे थांबावे, कारण या मोटारसायकलवाल्याचे फिलिपिन्समधले नाव ‘बुम्बाय’ आहे. बॉम्बेवरून आलेला हा शब्द तिथे कुठल्याही भारतीयाला लावतात. प्रत्यक्षात हे सावकार बहुतेक पंजाबकडचे. त्यांच्या धंद्याला ‘फाइव्ह-सिक्स’ म्हणतात: पाच घ्या, सहा फेडा. तारण नको, कागद नको, ते स्वतः दारात येतात आणि रोज थोडे थोडे वसूल करतात. समजा मासळी विकणाऱ्या बाईने ५,००० पेसो घेतले आणि चाळीस दिवस रोज १५० पेसो देऊन ६,००० फेडले. वरवर पाहता व्याज वीस टक्के. पण मुद्दल रोज घटत असते. सरासरीने तिच्याकडे चाळीस दिवस अडीच हजारच होते आणि त्यावर तिने हजार दिले. म्हणजे चाळीस दिवसांत चाळीस टक्के. वर्षाचा दर काढला तर साडेतीनशे टक्क्यांच्या वर जातो.

राष्ट्राध्यक्ष रॉद्रिगो दुतेर्ते यांनी २०१७ च्या सुरुवातीला या सावकारांना अटक करण्याची भाषा केली आणि छोट्या दुकानदारांसाठी कमी व्याजाच्या सरकारी कर्जाची योजना सुरू केली. योजना चांगली होती. तिचा दर महिन्याला अडीच टक्क्यांच्या आत बांधलेला होता. तरी मोटारसायकली थांबल्या नाहीत. सरकारी कर्जाला अर्ज लागतो, वाट पाहावी लागते. मासळी पहाटे चार वाजता विकत घ्यावी लागते. सावकार दारात येतो हेच त्याचे खरे भांडवल.

महाराष्ट्रातल्या बाजारपेठांत दारात येणारा आणखी एक माणूस असतो: पिग्मी एजंट. तोही रोज येतो, तोही थोडेच पैसे नेतो, तोही वहीत नोंद करतो. पण तो नेतो ती बचत असते. रोज दीडशे पेसो देण्याची शिस्त त्या मासळीवालीत आहे, हे सावकाराने सिद्धच केले आहे. ती शिस्त कर्जाऐवजी ठेवीला जोडली तर काय होईल?

याचे उत्तर फिलिपिन्समध्येच मिळालेले आहे. मिंदानाव बेटावरच्या बुतुआन शहरात ग्रीन बँक ऑफ कारागा नावाची ग्रामीण बँक होती. २००३ च्या सुमारास नावा अश्रफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन या अर्थशास्त्रज्ञांनी तिच्यासोबत एक प्रयोग केला. काही खातेदारांना असे खाते देऊ केले, की ठरवलेली तारीख किंवा ठरवलेली रक्कम गाठेपर्यंत त्यातले पैसे काढताच येणार नाहीत. जादा व्याज नव्हते, बक्षीस नव्हते, फक्त स्वतःच्या हाताला घातलेली गाठ. घरी ठेवायला कुलूपबंद पेटीही मिळत असे आणि तिची किल्ली बँकेकडे राही. ज्यांना हे खाते देऊ केले त्यांतल्या २८ टक्क्यांनी ते उघडले. वर्षभरानंतर, खाते देऊ केलेल्या सगळ्या गटाची सरासरी शिल्लक तुलनेसाठी वेगळ्या ठेवलेल्या गटापेक्षा ८१ टक्क्यांनी जास्त वाढलेली दिसली. याच बँकेने थोड्या शुल्कात घरी येऊन ठेव गोळा करण्याची सोयही करून पाहिली होती.

हा प्रयोग म्हणजे पैशाच्या शिक्षणाचा वर्ग नव्हता. चक्रवाढ व्याजाचे कोष्टक पाठ करून घेतले नव्हते. आपला पैसा कुठे आणि का निसटतो हे लोकांना आधीच ठाऊक होते. अडवायला दार हवे होते, ते बँकेने बसवून दिले. माबिनीच्या विटा आणि बुतुआनची पेटी यांचे काम एकच. फरक इतकाच, की पेटी उघडली की पैसे पुन्हा हातात येतात.

बायकांनी हे ओळखूनच ‘पालुवागन’ चालवली आहे. ती म्हणजे आपली भिशी. दहा जणींनी महिन्याला हजार-हजार घालायचे आणि दर महिन्याला एकीने दहा हजार उचलायचे. व्याज शून्य, पण ‘भिशीचे भरायचे आहेत’ हे कारण पुढे करून दिराला नकार देता येतो. या नकाराची किंमत कुठल्याही व्याजदराच्या तक्त्यात सापडत नाही. भिशी बुडतेही, पहिल्यांदा उचलणारी गाव सोडून गेली की.

नकार इतका अवघड का, हे समजून घेतल्याशिवाय फिलिपिनो घरातल्या पैशाबद्दल बोलण्यात अर्थ नाही. ‘ऊतांग ना लोओब’ म्हणजे अंतरंगातले ऋण. आईवडिलांनी वाढवले, मावशीने शाळेची फी भरली, मोठ्या बहिणीने स्वतःचे शिक्षण सोडले. हे ऋण कधी फिटत नाही आणि फेडायचे असते ते पैशापेक्षा हजर राहण्याने. हजर राहता येत नसेल तर मग पैशाने. ते सगळ्यात जास्त पडते थोरल्या लेकरावर. धाकटी भावंडे तिला ‘आते’ म्हणतात, म्हणजे ताई. थोरला मुलगा असेल तर तो ‘कुया’. भावाचे कॉलेज, वडिलांचा डायलिसिस, घराचे छप्पर हे सगळे आतेच्या पगारातून. २०२४ च्या नाताळात व्हाइस गांदा या लोकप्रिय कलाकाराचा ‘अँड द ब्रेडविनर इज...’ हा चित्रपट आला. त्यालाही विषय मिळाला तो घर पोसणाऱ्या लेकराचाच. २०२५ मध्ये सिनेटर पान्फिलो लॅक्सन यांनी वृद्ध आईवडिलांना पोसण्याची जबाबदारी मुलांवर कायद्याने टाकणारे विधेयक पुन्हा मांडले, तेव्हा समाजमाध्यमांवर तरुणांनी मोठा वाद घातला. आईवडिलांना टाकून देण्याची भाषा त्यात फारशी नव्हती. आम्ही तुमच्या म्हातारपणाची पुंजी झालो, मग आमची पुंजी कधी जमणार, हा प्रश्न होता. तो प्रश्न रास्त आहे.

‘नाही म्हणायला शिका’ हा पैशाच्या शिबिरांतला आवडता सल्ला इथे कामाचा नाही. फिलिपिनो कुटुंब ही विम्याची सगळ्यात जुनी आणि आजही सगळ्यात मोठी व्यवस्था आहे. देशात वर्षाला साधारण वीस चक्रीवादळे येतात. नोव्हेंबर २०१३ मध्ये हैयान वादळाने ताक्लोबान शहर उद्ध्वस्त केले, सहा हजारांहून अधिक माणसे गेली. परदेशातल्या नातलगांनी पाठवलेल्या पैशानेही कितीतरी घरे सावरली. आरोग्यावर खर्च होणाऱ्या दर शंभर पेसोंपैकी चव्वेचाळीस २०२३ मध्येही माणसाच्या खिशातून गेले. २०१९ मध्ये सर्वांसाठी आरोग्यसेवेचा कायदा झाला तरी ही स्थिती होती. मूत्रपिंड निकामी झालेल्या बापाला लेकीने ‘नाही’ म्हणावे, असे सुचवणाऱ्या साक्षरतेने स्वतःकडे एकदा पाहावे. कुटुंबाने मदत करावीच. पण मदतीचा डबा वेगळा असावा, त्याची रक्कम आधी ठरलेली असावी आणि ती घरातल्या सगळ्यांना माहीत असावी. मग तो डबा रिकामा झाला की नकार माणसाला द्यावा लागत नाही.

ज्यांनी नियोजन केले, त्यांचे काय झाले, हेही सांगायला हवे. कारण त्या आठवणीचा दंश फिलिपिनो मध्यमवर्गाच्या मनातून गेलेला नाही. १९८० च्या दशकात मुलांच्या शिक्षणासाठी आगाऊ पैसे भरायच्या योजना घरोघर गेल्या. आज हप्ते भरा, मूल कॉलेजात जाईल तेव्हा फी कितीही असो, आम्ही भरू. कॉलेज ॲश्युरन्स प्लॅन ही त्यातली सगळ्यात नामांकित कंपनी. शिक्षक, कारकून आणि परिचारिकांनी पोटाला चिमटा काढून हप्ते भरले. १९९० च्या दशकात फीवरचे सरकारी नियंत्रण सुटले, फी भराभर वाढली, त्यातच १९९७ चे आशियाई संकट आले. अमर्याद वचन आणि मर्यादित निधी यांचा मेळ बसेना. पॅसिफिक प्लॅन्स या दुसऱ्या कंपनीने २००५ मध्ये न्यायालयाकडे संरक्षण मागितले. कॉलेज ॲश्युरन्सचीही देणी थकली. हप्ते पूर्ण भरलेले पालक हातात पावत्या घेऊन रस्त्यावर उतरले. २००९ मध्ये अशा कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि देखरेख विमा आयोगाकडे गेली. तोवर एका पिढीचे प्रवेशाचे वय निघून गेले होते.

त्या पालकांना चक्रवाढ समजत नव्हती? त्यांच्याइतके शिस्तीचे नियोजन कुणीच केले नसेल. म्हणून साक्षरतेचा सगळा भार कुटुंबाच्या डोक्यावर ठेवणे अन्यायाचे आहे. पैसे ठेवायची जागा भक्कम राखणे हे सरकारचे काम आहे आणि त्यात झालेल्या चुकीची किंमत सरकारपेक्षा कुटुंबच मोजते.

जागा भक्कम नसली की पोकळी भरायला कोण येते, हे मिंदानावने दोनदा पाहिले. २०१२ मध्ये पागादियान शहरात अमन फ्युचर्स नावाच्या कंपनीने थोड्या दिवसांत भरघोस परताव्याचे आमिष दाखवून सुमारे पंधरा हजार लोकांचे बारा अब्ज पेसो बुडवले. पेसो साधारण दीड रुपयाचा धरला तर अठराशे कोटी रुपये झाले. बुडालेल्यांत भाजीवाले होते, मच्छीमार होते, शिक्षक आणि पोलीसही होते. पुढे कापा नावाच्या धार्मिक संस्थेने देणगीवर महिन्याला तीस टक्के ‘आशीर्वाद’ जन्मभर देण्याचे सांगितले. २०१९ मध्ये ती बंद पाडली गेली, तेव्हा ती बंद करू नका म्हणून लोकांनी मोर्चे काढले. त्याच वर्षी मोबाइलवरून कर्ज देणाऱ्या ॲपविरुद्ध तक्रारींचा पूर आला. कर्जदाराच्या फोनमधले सगळे नंबर उचलून नातेवाइकांना, साहेबांना, शेजाऱ्यांना ‘हा चोर आहे’ असे संदेश पाठवायचे, ही त्यांच्या वसुलीची रीत. नियामकांनी त्यावर बंदीचा हुकूम काढला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मध्यवर्ती बँकेला मोबाइल पाकिटांतून ऑनलाइन जुगाराच्या वाटा काढून टाकायला सांगावे लागले. ज्या पाकिटाने कोट्यवधी लोकांना पहिले खाते दिले, त्याच पाकिटात जुगाराचे दार उघडे होते. यापुढच्या साक्षरतेच्या पुस्तकात हा धडा पहिल्या पानावर हवा.

चांगल्या जागा नाहीत असे मात्र नाही. सरकारी गृहनिधी ‘पाग-इबिग’ची पाच वर्षांची ऐच्छिक बचत योजना ५०० पेसोंपासून सुरू होते. २०२४ साठी तिने ७.१० टक्के लाभांश दिला, तोही करमुक्त. बँक बुडाली तर मिळणारे ठेवीचे संरक्षण मार्च २०२५ पासून पाच लाखांवरून दहा लाख पेसो झाले. सामाजिक सुरक्षा निधीत १२० मासिक हप्ते भरले की म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळते. दहा वर्षे परदेशात काढणाऱ्या बाईला हे सहज गाठता येण्यासारखे आहे. पण इथे एक गाठ अशी आहे, जी तिच्या शहाणपणाने सुटत नाही. देशात नोकरी करणाऱ्याच्या हप्त्यातला मोठा वाटा मालक भरतो. परदेशातल्या घरकामगाराचा मालक परका. त्याच्यावर फिलिपिन्सचा कायदा चालत नाही. म्हणून दोन्ही वाटे तिनेच भरायचे. जानेवारी २०२५ पासून हा दर पंधरा टक्के झाला. घराला दरमहा ठरलेली रक्कम पाठवायची, जाण्यासाठी काढलेले कर्ज फेडायचे आणि वर मालकाचाही हप्ता आपणच भरायचा! तिला ‘वीरांगना’ म्हणणाऱ्या राज्याने त्यातला निदान काही भार उचलावा, ही मागणी जास्त नाही.

लागुना प्रांतातल्या सान पाब्लो शहरातून या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन चांगल्या वाटा निघाल्या आहेत. एक ‘कार्ड’ या संस्थेची. १९८६ मध्ये सुरू झालेली ही संस्था भूमिहीन बायकांना लहान कर्जे देत वाढली. तिचे वेगळेपण असे, की कर्जाच्या जोडीला तिने सभासदांच्याच मालकीची विमा मंडळी उभी केली. आठवड्याला काही पेसो भरायचे आणि घरात मृत्यू झाला की पैसे चटकन हातात, सावकाराकडे जायची वेळ नाही. २००८ मध्ये ‘कार्ड’ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दुसरी वाट ‘आतिखा’ची. १९९६ पासून ही संस्था परदेशी गेलेल्यांच्या घरच्यांबरोबर काम करते. ती मुलांनाही बोलावते. त्यांची बचत मंडळे चालवते. आई पाठवते तो पैसा कशातून येतो, तिचा दिवस कसा जातो, हे मुलाला समजले की नव्या फोनचा हट्ट जरा वेगळ्या आवाजात होतो. हाँगकाँगमध्ये ‘एन्रिच’ ही संस्था २००७ पासून घरकामगार स्त्रियांना आठवड्याच्या सुटीत पैशाचे नियोजन शिकवते.

त्या सुटीच्या दिवशी, रविवारी, हाँगकाँगच्या सेंट्रल भागात रस्त्यावर पुठ्ठे अंथरून हजारो बायका बसलेल्या असतात. जवळच्या वर्ल्ड-वाइड हाउसमध्ये पैसे पाठवायच्या दुकानांसमोर रांगा असतात. २०२४ मध्ये त्यांचे किमान वेतन महिना ४,९९० हाँगकाँग डॉलर झाले, मनिलातल्या तेव्हाच्या किमान वेतनाच्या दुपटीच्या आसपास. त्यातले किती पाठवायचे, हा निर्णय रांगेत उभे असताना, घरून आलेल्या शेवटच्या संदेशावर होतो. खलाशांच्या बाबतीत तर सरकारनेच ठरवून दिले आहे: मूळ पगाराचा किमान ८० टक्के भाग घरी गेलाच पाहिजे. घरी त्याचे पुढे काय व्हावे, यावर एक ओळ नाही.

परदेशी जाण्याआधी प्रत्येक कामगाराला एका सत्रात बसावे लागते. तिकडचे कायदे, करार, संकटात फोन कुठे करायचा आणि थोडे पैशाविषयी. बहुतेकदा तिथे जाणारी एकटीच बसते. तिच्या शेजारी दुसरी खुर्ची ठेवावी आणि तिच्या पैशाने घर चालवणार असलेले माणूस, मग ती आई असो, नवरा असो की थोरली मुलगी, तिथे बसवावे. तिथे बसल्याने त्या माणसाचा कामाचा दिवस बुडत असेल तर तेवढी मजुरीही सरकारने द्यावी. दोघांपुढे एकच कागद. त्यावर लिहायचे: दरमहा घरी किती येणार, त्यातले किती दोघांच्या सहीशिवाय कुणीच काढायचे नाहीत, आजारपण, मयत आणि वादळासाठी वेगळा डबा किती, आणि परतीचे वर्ष. ते वर्ष चुकेल, पुढे ढकलले जाईल, त्यावरून भांडणेही होतील. हाँगकाँगच्या घरकामगाराचा करार दोन वर्षांचा असतो. तो नव्याने करताना दर दोन वर्षांनी तो कागद पुन्हा काढावा आणि जुने वर्ष खोडायचे असेल तर ते दोघांनी समोरासमोर बसून खोडावे.